टीबीचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्या इंजेक्शनने आफ्रिकेत माणसं आंधळी झाली होती

बिडकीन असो नाहीतर गडचिरोली, खोकला जात नाही म्हटल्यावर डॉक्टर थुंकी तपासायला सांगतात. त्या थुंकीत जो जंतू शोधतात तो पहिल्यांदा सापडला रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांना. २४ मार्च १८८२ ला त्यांनी बर्लिनमध्ये हे जाहीर केलं, म्हणून आजही २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन असतो.

शाळेच्या पुस्तकातले कॉख इथेच संपतात. पुढचं फारसं कुणी सांगत नाही.

कॉख यांचा जन्म १८४३ चा, क्लॉस्थाल नावाच्या खाणींच्या गावातला. आधी ते खेड्यातले साधे डॉक्टर होते. घरातच प्रयोगशाळा थाटून त्यांनी १८७६ मध्ये अँथ्रॅक्सचा जंतू कसा वाढतो ते दाखवलं. पुढे कॉलऱ्याच्या मागावर ते कलकत्त्याला आले, १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत मुंबईलाही येऊन गेले.

मधे एक मोठी फजिती झाली होती. १८९० मध्ये त्यांनी टीबीवर ट्युबरक्युलिन नावाचं औषध काढलं आणि त्यात काय आहे ते सुरुवातीला गुपित ठेवलं. बर्लिनकडे पेशंटची रीघ लागली. पण टीबी काही बरा होईना, उलट काही जण दगावले. नाव पार धुळीला मिळालं नाही इतकंच. १९०५ मध्ये नोबेलही मिळालं.

पुढच्याच वर्षी, वयाच्या बासष्टीत, ते पूर्व आफ्रिकेत पोचले. तिथे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी निद्रारोगाने थैमान घातलं होतं. त्सेत्से माशी चावते, रक्तात परजीवी शिरतात, मग ते मेंदूत जातात, माणूस गुंगीत पडतो आणि मरतो. उपाय काहीच नव्हता. सरोवरातल्या सेसे बेटांवर कॉख यांनी तंबू ठोकले. रोज शेकडो लोक येऊ लागले.

त्यांच्याकडे होतं अ‍ॅटॉक्सिल. हे आर्सेनिकचं, म्हणजे सोमलाचं औषध. गंमत बघा, नावाचा अर्थच बिनविषारी!

अर्धा ग्रॅमच्या इंजेक्शनांनी आधी चमत्कार झाल्यासारखं वाटलं. रक्तातले परजीवी गायब, माणसं उठून बसायला लागली. पण काही दिवसांनी परजीवी परत दिसायचे. मग कॉख यांनी डोस एक ग्रॅमवर नेला. लोकांना वेदना सुरू झाल्या, चक्कर येऊ लागली. आणि वीसहून जास्त जणांची दृष्टी गेली ती कायमची.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, पडलेलं चित्र मेंदूपर्यंत नेणाऱ्या पेशी असतात. त्यांचेच लांब धागे एकत्र येऊन डोळ्याची नस बनते. अ‍ॅटॉक्सिल या पेशी आणि ती नस मारायचं. आधी कडेचं दिसणं कमी होतं, मग नजर आत आत आक्रसत जाते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. त्यामुळे यावर उपचार काय, तर औषध वेळेत थांबवणं. तेव्हा तेच राहून गेलं.

कॉख यांनी डोस पुन्हा खाली आणला, पण अ‍ॅटॉक्सिल सोडलं नाही. आजाऱ्यांना छावण्यांत वेगळं ठेवून तेच द्यावं, अशी शिफारस केली. १९०७ मध्ये घरी परतल्यावर त्यांना एक्सलन्सी हा किताब मिळाला. ट्युबरक्युलिनच्या वेळी बर्लिनमध्ये निदान बोंब तरी झाली होती. सेसे बेटांवरच्या माणसांची बाजू मांडायला कुणी नव्हतं. साथ भयंकर होती हे खरं, पण डोस दुप्पट करायचा जुगार ज्यांच्या डोळ्यांवर खेळला गेला त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

२७ मे १९१० ला कॉख गेले. त्याच वर्षी पॉल एर्लिख यांचं साल्वरसान बाजारात आलं. अ‍ॅटॉक्सिलचीच रचना बदलत बदलत, शेकडो रसायनं तपासून शोधलेलं हे सिफिलिसवरचं औषध.

औषधाने नजर जाण्याचा धोका आजही संपलेला नाही. संधिवातावर दिलं जाणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षं घेतलं तर रेटिनाला इजा करू शकतं. म्हणून डोस वजनावर ठरतो, साधारण किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत. पहिल्या वर्षात एकदा डोळे तपासतात आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी.

आणि खुद्द कॉख यांच्या टीबीवर सरकारी दवाखान्यात ज्या गोळ्या फुकट मिळतात, त्यातलं एथॅम्ब्युटॉल काही थोड्या लोकांच्या डोळ्याच्या नसेवर परिणाम करतं. किडनी कमजोर असेल तर धोका वाढतो. लाल-हिरवा रंग फिका वाटायला लागतो, समोरचं धूसर दिसतं. असं झालं की त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. ते एथॅम्ब्युटॉल बंद करतात आणि लवकर बंद झालं तर बऱ्याच जणांची नजर काही महिन्यांत सुधारते. बाकीच्या टीबीच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने थांबवायच्या नसतात.