मनोऱ्यावरच्या बाहुल्या

पॉट्सडॅमच्या गॅरिसन चर्चच्या मनोऱ्यावर काही माणसे उभी होती. आईबरोबर खालून जाणाऱ्या एका लहान मुलाला त्या बाहुल्या वाटल्या. हात वर करून त्या काढून दे, असे त्याने आईला विनवले. मुलाचे नाव हर्मन हेल्महोल्ट्झ, जन्म १८२१चा. ही फजिती ते मोठेपणीही विसरले नाहीत. उलट स्वतःच्या ग्रंथात पुरावा म्हणून नोंदवली.

ओढ भौतिकशास्त्राची, पण वडील शिक्षक आणि पैसा बेताचा. लष्करात डॉक्टरकी करण्याच्या अटीवर ते सरकारी खर्चाने वैद्यक शिकले. विज्ञानाचा यात फायदाच झाला. जिवंत माणसाच्या डोळ्यातला पडदा पाहण्याचे उपकरण, म्हणजे ऑफ्थॅल्मोस्कोप, त्यांनी १८५१मध्ये जगापुढे ठेवले.

डोळ्याच्या पडद्यावर पडणारे चित्र मात्र सपाट आणि उलटे. मग अंतर कळते कसे? हेल्महोल्ट्झ यांच्या मते मेंदू आधीच्या अनुभवावरून अंदाज बांधतो, तोही आपल्याला पत्ता न लागता. धूसर दिसणारा डोंगर लांब वाटतो, स्वच्छ हवेत तोच जवळ भासतो आणि वाटसरूचा हिशेब चुकतो. याला त्यांनी नेणिवेतले अनुमान म्हटले.

त्यांचा एक प्रयोग तर फार साधा आहे. दृश्य एका बाजूला सरकवणारी लोलकाची भिंगे डोळ्यांवर लावली, की वस्तू घ्यायला गेलेला हात चुकतो. थोड्या सरावाने तो बरोबर पडू लागतो. भिंगे काढल्यावर मात्र हात उलट बाजूला चुकतो! भिंगे नाहीत हे माहीत असूनही.

अनुमान नेणिवेत कसे होईल, असा आक्षेप आला. एवाल्ड हेरिंग यांच्या मते तर अंतराची जाण उपजतच असते. पुढे हेल्महोल्ट्झ यांनी तो शब्द टाळला, कल्पना सोडली नाही. आज पाहता दोघांचेही थोडे थोडे खरे होते.

जुलै १८९४मध्ये त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला आणि ८ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेले काही रुग्ण डावीकडच्या ताटातले अन्नही पाहत नाहीत. दृश्य उजवीकडे सरकवणारी भिंगे लावून त्यांच्याकडून हात नेमक्या जागी नेण्याचा सराव करून घेतात. भिंगे काढल्यावर हात डावीकडे जातो आणि काहींचे लक्षही त्यामागून तिकडे वळते. सगळ्यांना गुण येतोच असे नाही.