पालखेडचा धडा

आपल्या नाशिक जिल्ह्यांत सिन्नरनजीक डुबेरें नांवाचें गांव आहे. तेथें १८ ऑगस्ट १७०० रोजीं, आपल्या आजोळीं, थोरल्या बाजीरावांचा जन्म झाला. वडील बाळाजी विश्वनाथ निवर्तल्यावर १७२० सालीं छत्रपति शाहू महाराजांनीं विसाव्या वर्षांतील या तरुणास पेशवेपदाचीं वस्त्रें दिलीं.

बाजीरावांचें शौर्य सर्वांस ठाऊक आहे. त्या शौर्यामागील विचार पालखेडच्या मोहिमेंत दिसतो. १७२८ च्या आरंभीं निजामानें पुणें घेतलें. आपला मुलूख शत्रूच्या हातीं गेला असतां दुसरा कोणी तिकडेच धांवला असता. परंतु निजामाचें बळ अवजड तोफांत व आपलें बळ चपळ घोडदळांत आहे, हें बाजीरावांनीं ओळखलें होतें. पुण्याकडे न वळतां त्यांनीं बऱ्हाणपुरास धाक घातला. तें वांचविण्यासाठीं निजाम पुणें सोडून निघाला आणि त्वरेपायीं जड तोफा त्यास मागें ठेवाव्या लागल्या. फेब्रुवारीअखेर वैजापुरानजीक पालखेड येथें मराठ्यांनीं त्याचें दाणापाणी तोडून त्यास कोंडलें. ६ मार्च रोजीं मुंगी-शेवगांवच्या तहानें त्यानें शाहू महाराजांचा दक्षिणच्या चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य केला.

२८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदातीरीं रावेरखेडी येथें बाजीरावांचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, संकट येतांच क्षणभर थांबून, आपलें बळ कशांत आहे व प्रतिपक्षाचें कशांत आहे हें पाहावें; मगच पाऊल टाकावें. पालखेडचा विजय अशा विचारानेंच लाभला.