जबडा मोडला, तरी रमाकांत देसाई मैदान सोडून गेले नाहीत

शिरूर / दौंड : रविवारी सकाळी दौंड-पाटस रस्त्यानं जा, नाहीतर शिरूरच्या बाजूला घोडनदीच्या काठानं. ऊस तुटून गेलेल्या एखाद्या रानात रोलर फिरवून पीच केलेलं असतं आणि टेनिस बॉलची स्पर्धा रंगलेली असते. प्रत्येक टीममध्ये एक पोरगं असं असतंच, की कॅप्टन अडचणीत आला की बॉल त्याच्याच हातात देतो. दिवसात तीन मॅच झाल्या तरी तिन्हीत तोच. खांदा दुखतो म्हणाला तर स्प्रे मारायचा आणि पुन्हा उभा करायचा. या पोरांना बुमराहचा रनअप पाठ असतो, पण रमाकांत देसाई कोण ते विचारलं तर बहुतेक जण मान हलवतात. त्यांच्यासाठीच ही गोष्ट.

रमाकांत भिकाजी देसाई यांचा जन्म २० जून १९३९ रोजी मुंबईत झाला. फास्ट बॉलर म्हटलं की सहा फुटी गडी डोळ्यासमोर येतो. देसाई पाच फुटांपेक्षा थोडेसेच उंच होते. अंगानंही किरकोळ. क्रिकेटवाल्यांनी त्यांचं नाव ‘टायनी’ ठेवलं होतं, म्हणजे चिमुकला. पण या चिमुकल्याचा बाउन्सर भल्याभल्यांना चकवायचा. उंच बॉलरचा चेंडू वरून येतो, तो दिसतो तरी. देसाईंचा चेंडू खालून सरपटल्यासारखा यायचा आणि अचानक छातीवर चढायचा.

१९५८-५९ हा त्यांचा रणजीचा पहिलाच हंगाम. त्यात मुंबईकडून त्यांनी ५० बळी घेतले, तेही एका बळीमागे साधारण ११ धावा देऊन. मुंबई रणजी करंडक जिंकली आणि पुढे देसाई खेळत होते तोवर दर वर्षी जिंकत राहिली. त्याच हंगामात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता. त्यांचे वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट आपल्या फलंदाजांना अक्षरशः झोडपत होते. आपल्याकडं उत्तर द्यायला वेगवान बॉलर नव्हता. फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीच्या शेवटच्या कसोटीत १९ वर्षांच्या देसाईंना उभं केलं.

वेस्ट इंडीजनं ८ बाद ६४४ धावा केल्या. देसाईंनी ४९ षटकं टाकली, १६९ धावा दिल्या आणि ४ बळी घेतले. ४९ षटकं म्हणजे किती, ते आजच्या हिशेबात बघा. ट्वेंटी-ट्वेंटीत एका बॉलरला ४ ओव्हर मिळतात. म्हणजे १२ मॅचचं काम या पोरानं पहिल्याच कसोटीच्या एका डावात केलं. पाच फुटी, किरकोळ अंगाच्या पोरानं. त्याला विश्रांती द्यावी असं कुणाच्या डोक्यात आलं असेल, असं वाटत नाही. दुसरं होतंच कोण?

तिथून पुढं हेच चालू राहिलं. १९५९ चा इंग्लंड दौरा आपण ५-० असा हरलो, पण लॉर्ड्सवर देसाईंनी ८९ धावांत ५ बळी घेतले. आपल्याकडची खेळपट्टी म्हणजे पाटा, डांबरी रस्त्यासारखी. त्यावर फास्ट बॉलरनं घाम गाळायचा, नवा बॉल जुना करून द्यायचा आणि मग फिरकीवाल्यांनी बळी घ्यायचे, असा तेव्हाचा रिवाज. दुसऱ्या टोकाला बऱ्याचदा कामचलाऊ बॉलर असायचा. टीमसोबत आजच्यासारखा फिजिओ नव्हता. कुणी किती ओव्हर टाकल्या, याचा हिशेब फक्त स्कोअरबुकात. उंच माणसाला जो वेग सहज मिळतो तो मिळवायला बुटक्या बॉलरला पाठ, खांदा, गुडघा सगळं पणाला लावावं लागतं. देसाईंचा वेग काही वर्षांतच उतरत गेला. दोष त्यांचा नव्हता. एकच बैल दोन्ही पाळ्यांना जुंपला तर काय होतं, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

तरी ते लढत राहिले. १९६०-६१ मध्ये पाकिस्तान संघ आला. हनीफ मोहम्मद म्हणजे तेव्हाची भिंत, दिवस दिवस हलायचे नाहीत. त्या मालिकेत देसाईंनी त्यांना चार वेळा बाद केलं. त्याच मालिकेत मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर देसाई दहाव्या नंबरला फलंदाजीला आले आणि ८५ धावा ठोकल्या. जोडीला महाराष्ट्राचे यष्टिरक्षक नाना जोशी. दोघांनी नवव्या विकेटसाठी १४९ धावा जोडल्या. पुढे १९८३ मध्ये गावसकर आणि किरमाणी यांनी मद्रासला नाबाद १४३ धावा केल्या, तरी तो आकडा मागं पडला नाही.

इथं आपल्या पुण्याच्या एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. वसंत रांजणे. मध्यमगती बॉलर. पहिल्याच प्रथम दर्जाच्या सामन्यात, खडकवासल्याला, त्यांनी सौराष्ट्राविरुद्ध एका डावात ३५ धावांत ९ बळी घेतले, त्यात हॅट्ट्रिक. दौंडच्या कॅनॉलला पाणी येतं तेच हे खडकवासला. रांजणेंच्या वाट्याला फक्त ७ कसोटी आल्या. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर देसाई आणि रांजणे दोघंही होते. त्याच दौऱ्यात बार्बाडोसला कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर ग्रिफिथचा बॉल लागला. कवटी फुटली. जीव वाचला, पण ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. बॉल डोक्याला लागला तर काय होतं, हे देसाईंना चांगलंच ठाऊक होतं.

ही गोष्ट ध्यानात ठेवून आता ड्युनेडिनला चला.

फेब्रुवारी १९६८. न्यूझीलंडमधलं ड्युनेडिन. भारत ऑस्ट्रेलियात चारच्या चार कसोटी हरून तिथं आला होता. १९३२ पासून आपण कसोटी खेळत होतो, पण परदेशात एकही जिंकलेलो नव्हतो. ३६ वर्षं! न्यूझीलंडनं पहिल्या डावात ३५० केल्या. आपले ३०२ धावांवर ९ गडी बाद. मैदानात देसाई, आणि जोडीला शेवटचा फलंदाज बिशनसिंग बेदी, वय २१. न्यूझीलंडच्या डिक मॉट्झचा उसळता चेंडू देसाईंच्या तोंडावर बसला आणि जबडा मोडला. तेव्हा हेल्मेट नव्हतं. ते बाहेर गेले असते तर कुणी काही बोललं नसतं, डाव तिथंच संपला असता.

देसाई गेले नाहीत. मोडलेल्या जबड्यानं खेळत राहिले. या शेवटच्या जोडीनं ५७ धावा केल्या आणि भारत ३५९ वर पोचला. ४८ धावांनी मागं राहण्याऐवजी आपल्याला ९ धावांची आघाडी मिळाली. मग प्रसन्नानं ६ बळी घेतले, न्यूझीलंड २०८ वर आटोपलं. जिंकायला २०० हव्या होत्या, त्या अजित वाडेकरांच्या ७१ धावांच्या जोरावर ५ गडी गमावून झाल्या. परदेशातला पहिला विजय. पुढे पतौडींच्या टीमनं मालिकाही ३-१ अशी जिंकली.

देसाईंची ती शेवटची कसोटी ठरली. तेव्हा वय होतं २८, म्हणजे फास्ट बॉलरचं भराचं वय. ९ वर्षांत २८ कसोटी आणि ७४ बळी. प्रथम दर्जाच्या १५० सामन्यांत ४६८ बळी. त्यांच्यानंतर भारताला कपिलदेव मिळायला १९७८ साल उजाडलं. मधली वर्षं नवा बॉल कधीकधी फलंदाजांनीच टाकला, गावसकरांनीसुद्धा.

पुढे १९९६-९७ च्या सुमारास देसाई राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. १९९८ मध्ये त्यांनी ते पद सोडलं आणि थोड्याच दिवसांत, २७ एप्रिलला, हृदयविकारानं मुंबईत गेले. वय ५८.

ड्युनेडिनचं स्कोअरकार्ड आज मोबाईलवर कुणालाही सापडतं. त्यात मॉट्झचा तो चेंडू नाही, जबडाही नाही. देसाईंच्या नावापुढं फक्त नाबाद लिहिलेलं आहे.