ओवी उलगडून सांगणारे नाथमहाराज

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या संतकवीचे चरित्र लिहून द्यावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा आम्ही नामदेवांवर लिहू अशीच बहुतेकांची अपेक्षा असणार. पंजाबच्या अंगणात राहणाऱ्या मराठी माणसाने नामदेवांवर लिहावे हे ओघानेच आले. २०१५ साली घुमान येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आणि गुरु ग्रंथसाहिबातील नामदेवांची ६१ पदे तर येथील आपल्या शेजाऱ्यांच्या कानांवर आपल्यापेक्षा अधिक वेळा पडत असतात. तरीही आम्ही एकनाथांचे चरित्र निवडले. त्यास कारण घडले ते सेक्टर २२ मध्ये.

शास्त्री मार्केटपासून थोड्या अंतरावर राहणाऱ्या एका सदस्याच्या घरी काही वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी दर रविवारी ज्ञानेश्वरीचे वाचन आरंभिले होते. पहिल्या रविवारी खोलीत सतरंजी पुरली नाही. दिवाळीपर्यंत पाच डोकी उरली. एके दिवशी एका कुटुंबातील येथेच जन्मलेल्या, येथेच शिकलेल्या मुलीने एका ओवीतील एका शब्दाचा अर्थ विचारला. आम्हांपैकी कोणासही तो सांगता आला नाही. भाव महत्त्वाचा, शब्दाचे काय एवढे, असे काहीसे बोलून आम्ही पुढची ओवी वाचावयास घेतली. ती मुलगी पुन्हा आली नाही, आणि तो वर्ग पुढे बंद पडला. दोष सर्वस्वी आमचा होता. त्यानंतर एकनाथांचे चरित्र पुन्हा हाती घेतले, तेव्हा ते आम्हांस निराळेच दिसू लागले.

नाथांचा जन्म पैठणास इ. स. १५३३ च्या सुमारास झाला. विजयनगराहून पांडुरंगाची मूर्ती पंढरीस परत आणल्याचे श्रेय परंपरा ज्यांना देते, ते भानुदास नाथांचे पणजोबा. पित्याचे नाव सूर्यनारायण, मातेचे रुक्मिणी. दोघांचेही छत्र लहानपणीच हरपले आणि आजोबा चक्रपाणी यांनी नातवास वाढविले. पुढे बालवयातच घर सोडून हा मुलगा देवगिरीस गेला. तेथील किल्ल्याचे अधिकारी जनार्दनस्वामी दत्तभक्त होते. निजामशाहीची चाकरी करावी, दप्तर चोख ठेवावे आणि पहाटे उठून उपासना करावी, असा त्यांचा शिरस्ता होता. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या आम्हांसारख्यांना या गुरूविषयी विशेष आपुलकी वाटते, हे लपवीत नाही.

याच दप्तरातील एक कथा मराठी घरोघर सांगितली जाते. हिशेबात एका पैची चूक निघाली, जुळेना. नाथ रात्रभर समईच्या उजेडात वह्या चाळीत बसले आणि उत्तररात्री चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले. गुरूंनी हे पाहिले आणि ही एकाग्रता परमार्थास लागली तर काय होईल, असे त्यास सुचविले. कीर्तनकार ही कथा एकाग्रतेचा दाखला म्हणून सांगतात. आमचे आयुष्य लेखापरीक्षणात गेले. आम्ही ती थोडी निराळी वाचतो. एक पै सोडून देता आली असती. पण जो पै सोडतो तो पुढे रुपयाही सोडतो, हे जमाखर्च पाहणाऱ्यास ठाऊक असते. नाथांनी पुढे काव्यातला एकेक शब्द ज्या जिद्दीने पाहिला, तिचा उगम आम्हांस या वहीत दिसतो.

गुरूंसमवेत तीर्थयात्रेस गेले असता त्र्यंबकेश्वरी त्यांनी चतुःश्लोकी भागवतावर मराठी टीका लिहिली. नंतर पैठणास परतून गिरिजाबाईंशी विवाह केला आणि गृहस्थाश्रमात स्थिर झाले. दिवसा ग्रंथलेखन, पुराण, संध्याकाळी कीर्तन, दारी आलेल्यास अन्न. बाह्य घटनांच्या दृष्टीने पाहता या आयुष्यात फारसे काही घडत नाही. १९३५ साली प्रभातने धर्मात्मा चित्रपट काढला आणि बालगंधर्वांनी नाथांची भूमिका केली, तेव्हाही कथेचा भर स्वाभाविकच अस्पृश्यांविषयीच्या त्यांच्या वर्तनावर राहिला. ते योग्यच होते. पण लेखणी घेऊन बसलेले नाथ चित्रपटात मावणे कठीण.

ते लेखन किती होते! भागवताच्या एकादश स्कंधाचे ३१ अध्याय. त्यांवर नाथांनी अठरा हजारांहून अधिक ओव्यांची टीका रचली. आरंभ पैठणास झाला आणि १५७३ साली समाप्ती काशीस झाली. संस्कृत विद्येच्या त्या पीठात कोणी मराठीत भागवत सांगतो आहे, हे तेथील पंडितांना रुचले नाही. ग्रंथ मागविण्यात आला, वाद झाला आणि अखेर त्याच ग्रंथाचा सन्मान झाला, असे परंपरा सांगते. त्याआधी दोन वर्षे, १५७१ मध्ये, काशीसच रुक्मिणीस्वयंवर पूर्ण झाले होते. विवाह जुळावा म्हणून मुलींनी त्याचे पारायण करण्याची चाल आपल्या आज्यांच्या काळापर्यंत घरोघर होती. त्या निमित्ताने का होईना, कित्येक मुली ओवी वाचावयास शिकल्या.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. ज्ञानेश्वरी सांगितली गेली १२९० साली. नाथांच्या काळापर्यंत जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती. तेवढ्या अवधीत यादवांचे राज्य गेले, बहमनी आले, त्याचे तुकडे झाले, दरबारची भाषा फारसी झाली. बोली पालटली. मूळ शब्द कळेनासा झाला की लेखक त्या जागी ओळखीचा शब्द घाली. कोणी भाविक आपल्या पदरची एखादी ओवीही जोडी. प्रत्येक प्रतीत पाठ निराळा. ग्रंथ पूजेत राहिला होता. वाचणाऱ्यांच्या हातून मात्र निसटत चालला होता. आमच्या सेक्टर २२ च्या वर्गात जे घडले, तेच महाराष्ट्रभर मोठ्या प्रमाणावर घडत होते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होऊ नये.

आळंदीच्या अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, असे ज्ञानदेवांनी स्वप्नात येऊन सांगितले, नाथ आळंदीस गेले आणि त्यांनी समाधी शोधून काढली, ही कथा सर्वश्रुत आहे. कथेचे तात्पर्य ज्याने त्याने काढावे. यानंतर नाथांनी ज्ञानेश्वरीचे निरनिराळे पाठ ताडून, अशुद्धे काढून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, भाद्रपदातील कपिलाषष्ठीस शुद्ध प्रत सिद्ध केली. आपण ग्रंथात आपले काही घातलेले नाही, कोणी घालूही नये, असेही त्यांनी अखेरीस बजावून ठेवले. स्वतः हजारो ओव्या रचणाऱ्या कवीने दुसऱ्याच्या काव्यात एकही ओवी मिसळू नये, हा संयम आम्हांस त्यांच्या कवित्वाहूनही थोर वाटतो. पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपणास सापडलेली पोथी नाथपूर्व म्हणून छापली, आणि नाथांची प्रत कितपत मूळची यावर विद्वानांत बराच खल झाला. त्या वादात शिरण्याचा आमचा अधिकार नाही. वारकऱ्यांच्या हाती शतकानुशतके जी ज्ञानेश्वरी राहिली ती मात्र नाथांच्या परंपरेची.

येथे एक योगायोग आपल्या पंजाबी स्नेह्यांना अवश्य सांगावा. नाथांच्या या कामानंतर अवघ्या वीस वर्षांनी, १६०४ साली, गुरु अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. तेथेही गुरूंच्या नावावर खपणारी बनावट वाणी वेगळी काढून खरा पाठ निश्चित करण्याचाच प्रश्न होता. गोदावरीकाठचे आणि रावी-बियासकाठचे हे दोन महापुरुष एकाच शतकात एकच काळजी वाहत होते. आणि येथील गुरुद्वारांत एकेका शबदाची जी कथा चालते, शब्द घ्यावा, फोडावा, उदाहरण द्यावे, पुन्हा मूळ शब्दावर यावे, ती ऐकताना आम्हांस पैठणच्या वाड्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

कारण प्रत शुद्ध करून नाथ थांबले नाहीत. शुद्ध प्रत कोनाड्यात ठेवली तर तिचे पुन्हा देवघरातील तुळशीपत्रच होते. त्यांच्या पुराणकीर्तनास सर्व थरांतील लोक बसत, आणि त्यांना विचारण्याची मुभा असे. विश्वरूपदर्शनाचे निरूपण चालले असता दूर उभा राहून ऐकणाऱ्या राण्या महाराने, या विश्वरूपात आम्हीही आहोत काय, असे विचारल्याची कथा चरित्रकारांनी दिली आहे. हा प्रश्न भक्तीचा आहेच. पण तो चांगल्या वाचकाचाही प्रश्न आहे. त्याने शब्द शेवटपर्यंत ताणून पाहिला. नाथांनी होय म्हटले. मग त्याने त्यांना सपत्नीक भोजनास बोलाविले आणि नाथांनी ते निमंत्रण स्वीकारले. अर्थ सांगणाऱ्यास अर्थाची किंमत मोजावी लागते. पैठणच्या ब्रह्मवृंदाने ती पुरेपूर वसूल केली.

ज्यांना ओवीही जड वाटे त्यांच्यासाठी नाथ आणखी खाली उतरले. खरे म्हणजे आणखी जवळ गेले. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, विंचू उतरविणारा मांत्रिक, गावकुसाबाहेरचा माणूस, जो जो गल्लीतून हाक देत जाई त्याच्या तोंडी त्यांनी अध्यात्म घातले. हीच भारुडे. हिंदू-तुर्क संवादात तर दोघे भांडतात, एकमेकांची वर्मे काढतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. त्यातील दक्षिणी हिंदी येथील कोणत्याही शेजाऱ्यास वाचून दाखवावी. निम्म्याहून अधिक त्यास आपोआप कळेल.

नाथांच्या आयुष्यातील सर्वांत दुःखद प्रकरण मात्र घरातच घडले, आणि परमुलखात मुले वाढविणाऱ्या आपल्या वाचकांना ते अधिक बोचेल. पुत्र हरिपंडित मोठा व्युत्पन्न निघाला. वडिलांनी संस्कृत सोडून प्राकृतात पुराण सांगावे आणि सर्वांकडे जेवावे, हे त्यास लाजिरवाणे वाटू लागले. तो रागावून काशीस गेला. बाप त्यास आणावयास गेला. यापुढे मराठीत सांगावयाचे नाही आणि परान्न घ्यावयाचे नाही, या दोन अटींवर मुलगा परतला; नाथांनी दोन्ही मान्य केल्या. वाड्यात हरिपंडिताचे संस्कृत पुराण सुरू झाले. त्यात पांडित्याची उणीव नव्हती. पण श्रोते हळूहळू कमी होत गेले. नाथ गप्प बसून पाहत राहिले. पुढे एका गरीब विधवेच्या सहस्रभोजनाच्या संकल्पापोटी नाथ एकटे तिच्याकडे जेवले, हरिपंडिताने त्यांची पत्रावळ उचलली तो खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी अशा हजार पत्रावळी निघाल्या आणि त्याचा अभिमान गळाला, असे महिपती सांगतात. चमत्कार बाजूस ठेवला तरी सतरंजीवरची रिकामी जागा उरतेच, आणि ती आम्ही स्वतः पाहिली आहे. मराठी पुराण पुन्हा सुरू झाले. नाथांची कन्या गोदा हिचा पुत्र मुक्तेश्वर पुढे मराठीतील श्रेष्ठ आख्यानकवी झाला. आजोबांचा वारसा नातवाकडे गेला.

उतारवयात नाथांनी भावार्थरामायण हाती घेतले. सहा कांडांपर्यंत ते पोहोचले, पण युद्धकांडाचे ४४ अध्याय होताच लेखणी थांबली. शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस त्यांनी गोदावरीत देह ठेवला. ती तिथी नाथषष्ठी म्हणून पाळली जाते. जायकवाडीच्या धरणाने पैठणजवळ जो अफाट जलाशय झाला आहे, त्यास नाथसागर असे नाव आहे.

नाथांच्या घरी गावबा नावाचा एक मुलगा राहत असे. पुरणपोळीच्या लोभाने तो तेथे आला, अभ्यासात मंद, मंत्र शिकवू गेले तर एकनाथ या नावापलीकडे त्यास काही म्हणता येईना, अशी त्याची ख्याती. वाड्यात बसून त्याने वर्षानुवर्षे निरूपण ऐकले होते. भावार्थरामायण कोण पुरे करणार हा प्रश्न निघाला, तेव्हा नाथांनी हरिपंडिताकडे पाहिले नाही, गावबास बोलाविले. युद्धकांडाचा ४५ वा अध्याय त्यानेच लिहावयास घेतला.