शेतकऱ्यांचे कैवारी : डॉ. पंजाबराव देशमुख

खामगाव-मलकापूरच्या कापसाने वऱ्हाडात पैसा खेळविला. परंतु १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत भाव कोसळले आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील कुणब्यांची शेते सावकारांकडे गहाण पडू लागली. अशा समयी वऱ्हाडास भाऊसाहेब लाभले.

अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे २७ डिसेंबर १८९८ रोजी शेतकरी कुळात त्यांचा जन्म झाला. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले भाऊसाहेब १९३० मध्ये प्रांताचे मंत्री झाले. त्यांच्या पुढाकाराने १९३३ चा कर्जलवाद कायदा झाला. सावकार व ऋणको यांच्यात तडजोड होऊन हप्त्यांनी कर्जफेडीची वाट खुली झाली. परंतु ज्यास दस्तऐवज वाचता येत नाही, तो पुन्हा फसणारच, हे ओळखून त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. चिखलीचे श्री शिवाजी महाविद्यालय हे तिचेच फळ. पुढे केंद्रात कृषिमंत्री असता १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापिला. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

आज आम्ही त्यांच्या तसबिरीस हार घालतो आणि लग्नातील मानपानासाठी शेत गहाण टाकतो. हे कर्ज कोणता कायदा फेडणार? ज्ञातिबांधवहो, तोच पैसा मुलामुलींच्या शिक्षणास लावू, तरच आमचे अभिवादन खरे.