बाबासाहेब आणि गिरणीतला धोटा

परळच्या पोयबावडीतील बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांनी वीसहून अधिक वर्षे काढली. सभोवती गिरण्याच गिरण्या, आणि शेजारी भोंग्याच्या तालावर जगणारी माणसे. बॅरिस्टर झाल्यावरही ते याच वस्तीत राहत होते.

गिरणीत जात कशी चाले, हे आजच्या तरुणांनी नीट समजून घ्यावे. मागावरची कांडी संपली की विणकर धोट्यात नवी कांडी घाली आणि सुताचे टोक छिद्रातून तोंडाने ओढून काढी. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा स्पृश्याने कसा लावायचा? एवढ्या कारणावरून जास्त पगाराचे विणकाम खाते आपल्या माणसांना बंद होते. त्यांच्या वाट्याला मुख्यतः रिंग खाते आले. तिथे मजुरी कमी, आणि कापसाची धूळ दिवसभर छातीत. खरे तर तोंडोतोंडी फिरणाऱ्या धोट्यातून क्षयासारखा रोग पसरण्याची भीती होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच असा धोटा कायद्याने बंद केला. आपल्याकडे रोगापेक्षा विटाळाचीच धास्ती मोठी!

१९२८ च्या प्रचंड संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले की, विणकाम खाते खुले करण्याची मागणी घेतली नाही, तर अस्पृश्य कामगार संपात राहणार नाहीत. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाखुशीने. कामगारांची एकजूट हवी, पण एकाच गिरणीतली शिवाशिव दिसत नाही, हा प्रकार त्यांना मान्य नव्हता.

त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात त्यांनी बाळंतपणाच्या पगारी रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तेव्हा ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. जुना वाद त्यांनी आड येऊ दिला नाही.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली. कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा प्रा. अडारकरांचा अहवालही त्यांच्याच काळात, १९४४ मध्ये आला. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. त्या योजनेचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय परळलाच आहे.