जगातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर आला, पण त्याच्याकडून काम करून घेणारा मुकादमच नव्हता!

धारणीत सोयाबीन सोंगायला दहा मजूर आले की मुकादम प्रत्येकाला एकेक पात लावून देतो. एकाचं काम दुसऱ्यावाचून अडत नाही, म्हणून दहाही जण एकदम वाकतात. आता मुकादमाला हेच कळलं नाही तर? नऊ जण बांधावर बसतील आणि एकटाच सोंगत राहील. हजेरी मात्र दहांची!

सेमूर क्रे या माणसाच्या मशीनपुढे नेमका हाच प्रश्न होता.

क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ चा, अमेरिकेतल्या चिप्पेवा फॉल्स या छोट्या गावातला. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते. पुढे कंट्रोल डेटा कंपनीत १९६४ साली त्यांनी सीडीसी ६६०० बनवला, तो तेव्हाचा जगातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर. १९७२ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि १९७६ मध्ये पहिला क्रे-१ लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत पोहोचला.

हे मशीन एकाच हुकुमात ६४ आकड्यांवर काम करायचं. पण सोबत तयार सॉफ्टवेअर जवळपास नव्हतंच! फोर्ट्रानचा कंपायलर मागाहून आला.

कंपायलर म्हणजे आपला मुकादम. प्रोग्रॅममध्ये तेच काम हजार वेळा करायला सांगतात, त्याला लूप म्हणतात. त्यातल्या फेऱ्या एकमेकींवर अवलंबून नाहीत हे कंपायलरनं ओळखलं, तरच ६४ आकडे एकदम जातात. क्रेचा कंपायलर हे आपोआप ओळखायचा, त्या काळात ही मोठीच गोष्ट. पण लूपमध्ये एखादी अट आली की सुरुवातीच्या कंपायलरची गाडी अडायची. आणि फेऱ्या एकमेकींवर अवलंबून आहेत की नाहीत याची कंपायलरला शंका असली, तर प्रोग्रॅमर खास सूचनेची एक ओळ लिहून सांगायचे, की बाबा, इथे फेऱ्या एकमेकींत अडकत नाहीत, बिनधास्त चालव.

दुखणं अजून गेलेलं नाही. फोर्ट्रान २००८ मध्ये यासाठी डू कॉन्करंट नावाचा खास लूप आला. तरी तो समांतर चालवायचा की साध्या लूपसारखा एकेक फेरी करत, हे कंपायलरच ठरवतो.

क्रे यांना स्वतःला मोजकेच पण दमदार प्रोसेसर आवडायचे. नांगराला दोन बैल जुंपावेत, हजार कोंबड्या नव्हे, असं त्यांचं मत सांगितलं जातं. गंमत बघा, अमेरिकेनं भारताला हवा तसा क्रे दिला नाही, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकनं कोंबड्यांचाच रस्ता धरला. अनेक छोटे प्रोसेसर जोडून १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्याचे प्रमुख विजय भटकर आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे.

क्रे यांचा शेवटचा काळ कठीण गेला. त्यांची दुसरी कंपनी १९९५ मध्ये दिवाळखोरीत निघाली. १९९६ मध्ये त्यांनी पुन्हा नवी कंपनी काढली, आणि यावेळी त्यांनाही खूप प्रोसेसरवालं समांतर मशीनच बनवायचं होतं. ते राहिलं. सप्टेंबरमध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि ५ ऑक्टोबर १९९६ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी ते गेले.